प्रवेश मिळाला, पण राहायचे कुठे? कोल्हापूरच्या विद्यार्थी बोर्डिंगांचा प्रकरण अभ्यास

१८९९ साली पांडुरंग चिमणाजी पाटील हा मराठा समाजातील विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्यापुढची मोठी अडचण राहण्याजेवण्याची होती. कॉलेज त्याच्या आवाक्यात होते, बुद्धी होती, शिकण्याची इच्छाही होती; मात्र शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न यांची सोय नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्यार्थ्याची विचारपूस केली, त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकून घेतली, आणि त्या विचारपुशीतून पुढे जे घडले त्यामुळे कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. एका विद्यार्थ्याच्या निवासाचा प्रश्न एका शहराच्या शैक्षणिक धोरणाचा पाया कसा झाला, त्या धोरणात काय साधले आणि काय निसटले, आणि आज त्याच शहरातील विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा प्रश्न कोणत्या रूपात शिल्लक आहे, हे येथे पाहायचे आहे.

परिस्थिती

राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले होते. दक्षिण महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचे ते महत्त्वाचे केंद्र होते. तरीही २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागांवर ब्राह्मणेतर होते. या आकड्यांकडे बहुधा नोकऱ्यांच्या वाटपाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. तो संबंध खराच आहे. परंतु नोकरीपूर्वी पदवी लागते, पदवीपूर्वी कॉलेजात काही वर्षे टिकावे लागते, आणि टिकण्यासाठी शहरात राहता यावे लागते, ही मागची साखळी लक्षात घेतल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ पुरता लागत नाही.

कॉलेजचे दार कोणत्याही जातीला कागदोपत्री बंद नव्हते. असे असतानाही एका समाजाची मुले शिकत आणि दुसऱ्या समाजांची मुले शिकत नसत, याचे एक फारसे न बोलले जाणारे कारण शहराच्या घरांत दडलेले होते. गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात शिकायला आला तर त्याच्यासाठी वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे आठवड्याचे वार ठरत. ते न जमल्यास माधुकरी मागता येई. नात्यातल्या किंवा ओळखीच्या घराची ओटी-पडवी झोपायला मिळे. या व्यवस्थेत त्या विद्यार्थ्याला मानहानीही सोसावी लागे आणि अर्धपोटीही राहावे लागे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ती एक व्यवस्था होती आणि तिच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकत होती. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमान कारागिराच्या किंवा महाराच्या मुलासाठी शहरात असे काहीच नव्हते. सुशिक्षित शहरी घरे त्याच्या जातीत जवळजवळ नव्हती, आणि ज्या घरांत अन्न होते तेथे त्याला पंगतीला घेतले जात नव्हते. गुणवत्तेची तुलना करताना ही अदृश्य मदत हिशेबात धरली जात नाही. आजही ती धरली जात नाही, आणि म्हणून हा मुद्दा मला या प्रकरणाचे मर्म वाटतो.

पहिला उपाय आणि त्याचे अपयश

१८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडण्यात आले. उद्देश स्पष्ट होता आणि नियमात भेदभाव नव्हता. प्रत्यक्षात काही वर्षांतच तेथे ब्राह्मणेतर विद्यार्थी उरले नाहीत. व्यवस्थापनावर ब्राह्मण मंडळींचे वर्चस्व होते, स्वयंपाकघराचे आणि पंगतीचे नियम त्यांच्याच आचारानुसार चालत, आणि इतर जातींच्या मुलांना तेथे सुखाने राहता येईल अशी परिस्थिती राहिली नाही.

या अपयशाचा अभ्यास नीट व्हायला हवा, कारण अशा प्रकारचे अपयश फार सहज घडते. कोणाला बाहेर काढण्याचा हुकूम निघत नाही. अर्ज नाकारले गेल्याची नोंद राहत नाही. ज्यांच्यासाठी सोय केली ते हळूहळू येईनासे होतात, आणि काही वर्षांनी 'या मुलांना शिक्षणाची आवड नाही' असा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे होतात. शाहू महाराजांचे वेगळेपण असे की त्यांनी हा निष्कर्ष काढला नाही. ज्या मोजक्या मुलांनी मॅट्रिकपर्यंत मजल मारली होती त्यांच्यापैकी एकाला त्यांनी अडचण विचारली, आणि उत्तर ऐकल्यावर सोयीची रचनाच बदलली. धोरण ठरवताना लाभार्थ्याला आधी विचारावे ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवर नेमलेल्या समित्यांचे कामकाज ज्यांनी जवळून पाहिले असेल, त्यांना ती किती क्वचित घडते हे ठाऊक असेल.

बोर्डिंगांची रचना

१९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागे महाराजांबरोबर भास्करराव जाधव यांच्यासारखे सुशिक्षित अधिकारी होते. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आलेले भास्करराव संस्थानच्या नोकरीत होते आणि शहरात शिकण्याची किंमत त्यांना स्वानुभवाने माहीत होती. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. १९०७ मध्ये लिंगायत समाजाचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, त्यानंतर शिंपी, सारस्वत, दैवज्ञ, वैश्य, ढोर-चांभार, सुतार, नाभिक, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहे निघत गेली आणि १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग स्थापन झाले. मिस क्लार्क हे नाव तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे. आजही दसरा चौकात उभे राहिले की मुस्लिम, जैन, लिंगायत आणि सारस्वत बोर्डिंग हाकेच्या अंतरात आहेत, आणि चौकाच्या मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आहे.

या बोर्डिंगांची आर्थिक रचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. संस्थानने जागा दिली, अनेक ठिकाणी इमारत दिली आणि वार्षिक अनुदान बांधून दिले. पण चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील मंडळींवर सोपवली. वर्गणी गोळा करणे, गावोगावच्या होतकरू मुलांचा शोध घेणे, कोणाला माफीत ठेवायचे आणि कोणाकडून जेवणाचा खर्च घ्यायचा हे ठरवणे, ही कामे समाजाच्या समितीकडे आली. त्यामुळे एरवी लग्नकार्यात आणि देवस्थानात खर्च होणारा पैसा आणि वेळ मुलांच्या शिक्षणाकडे वळला. राज्याने सगळे स्वतःच केले असते तर खजिन्यावर भार आला असता आणि महाराजांच्या पश्चात, म्हणजे १९२२ नंतर, व्यवस्था कोलमडण्याचा धोका राहिला असता. ती कोलमडली नाही. उलट काही बोर्डिंगांच्या संस्था झाल्या आणि संस्थांची महाविद्यालये झाली. कोल्हापूरचे न्यू कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावात आजही 'प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस' हे शब्द आहेत. आधी राहण्याची सोय आणि मग कॉलेज, असा उलटा वाटणारा प्रवास या शहरात प्रत्यक्ष घडला आहे.

ज्या विद्यार्थ्याच्या अडचणीपासून हे सुरू झाले त्या पी. सी. पाटील यांनी पुढे कृषिशास्त्राच्या क्षेत्रात मोठी जबाबदारीची पदे भूषवली.

जातवार बोर्डिंगांचा प्रश्न

प्रत्येक जातीसाठी वेगळे वसतिगृह काढल्याने जातिभेद घट्ट झाला नाही काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. त्याला दिले जाणारे उत्तर असे की एकत्र राहण्याचा प्रयोग आधी करून पाहिला होता आणि त्यात दुबळ्या बाजूची मुले गळाली होती; मुलांना शिकवायचे असेल तर समाज बदलण्याची वाट पाहत बसता येत नव्हते. मला हे उत्तर पटते, पण ते पुरेसे वाटत नाही. याचे कारण कोल्हापुरातच घडलेल्या आणखी एका घटनेत आहे.

कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्‌घाटनाला ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे आणि स्वतः सुधारणावादी असलेले हे गृहस्थ. म्हणजे व्यवस्था पाहणारी व्यक्ती सुधारकी विचारांची असूनही संस्थेचा आचार जातीच्या चौकटीतच राहिला. जातवार बोर्डिंगने मुलाला शहरात पाय रोवायला जागा दिली, आणि त्याच जागेने त्याला दुसऱ्या मुलाच्या पंगतीपासून दूर ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

भाऊरावांनी या अनुभवातून घेतलेला धडा त्यांच्या पुढच्या कामात दिसतो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे एकच स्वयंपाकघर होते आणि एकच पंगत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे झाले. १८९६ चे सर्वांसाठीचे वसतिगृह का फसले आणि १९२४ चे का टिकले, ही तुलना या अभ्यासात टाळता येत नाही. माझ्या मते मोठा फरक कामाच्या वाटणीत आहे. साताऱ्यात मुले स्वतः दळत, रांधत, भांडी घासत, शेतात राबत. कोणी कोणाचे आयते खात नव्हते आणि स्वयंपाकघर कोणा एका जातीच्या ताब्यात नव्हते. शिवाय चालवणारा माणूस आणि त्याची पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांबरोबर राहत होती. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. नियम समतेचे असले तरी स्वयंपाकघर कोणाच्या हाती आहे यावर वसतिगृहाचे खरे स्वरूप ठरते.

मुलींच्या बाबतीत मात्र ही सारी रचना तोकडी होती. कृष्णाबाई केळवकर यांना वैद्यकीय शिक्षणासाठी संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, त्यांच्या आई रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शाळांची देखरेख होती, ही उदाहरणे अभिमानाची आहेत. परंतु खेड्यातील मुलीने शहरात येऊन बोर्डिंगमध्ये राहावे आणि शिकावे, अशी कल्पना या काळातील वसतिगृहांच्या केंद्रस्थानी नव्हती. त्याचे परिणाम पुढच्या अनेक पिढ्यांना भोगावे लागले.

विद्यापीठाचा काळ

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या शहराच्या कडेला सुमारे ८५० एकरांच्या माळावर विद्यापीठ वसले आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. सोलापूर जिल्हाही होता, तो २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर वेगळा झाला. बेळगाव-निपाणीकडील मराठी विद्यार्थीही येथे येतात.

आप्पासाहेब पवारांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यार्थी भवन आणि तेथील 'कमवा आणि शिका' योजना हा या प्रकरणाचा विद्यापीठीय टप्पा म्हणावा लागेल. येथे राहणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या विभागांत, ग्रंथालयात, कार्यालयात रोज काही तास काम करतो आणि त्याच्या बदल्यात त्याच्या राहण्याजेवण्याचा भार हलका होतो. भाऊरावांनी साताऱ्यात रुजवलेली स्वावलंबनाची कल्पना १९४७ मध्ये तेथील छत्रपती शिवाजी कॉलेजात आली होती. विद्यापीठाने तिला पदव्युत्तर पातळीवर जागा दिली. या योजनेतून शिकलेली मुले प्राध्यापक, अधिकारी, लेखक झाली. जात विचारून खोली देण्याचा प्रश्न येथे नव्हता, कारण निवडीचा निकष गरज आणि काम करण्याची तयारी हा होता. मर्यादा एकच आणि ती मोठी: जागा थोड्या आणि गरजू पुष्कळ.

उरलेल्यांचे काय होते, हे राजारामपुरी, सागरमाळ, सायबर चौक, राजेंद्रनगर या भागांत फिरल्यावर समजते. चंदगड किंवा जतहून येणाऱ्या मुलाला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर रोज एस.टी.ने कापता येत नाही. तो कॉट बेसिसवर जागा घेतो, म्हणजे तीन-चार जणांच्या खोलीतली एक खाट. घरमालकाला डिपॉझिट आधी द्यावे लागते, मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरावे लागतात, पुस्तके आणि अभ्यासिकेची फी वेगळी. जे पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहेत ते पास काढून ये-जा करतात. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एस.टी.ची ६६ टक्क्यांहून अधिक सवलत आहे आणि ती फार मोलाची आहे, तरी शेवटची गाडी संध्याकाळी सुटत असल्यामुळे ग्रंथालय, प्रयोगशाळेतील जादा काम, नाट्यवाचन, व्याख्याने यांतले काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही. विद्यापीठात नाव असणे आणि विद्यापीठात राहून वाढणे यांत जे अंतर आहे, ते या मुलांच्या बाबतीत बसच्या वेळापत्रकाने ठरते. मुलींच्या बाबतीत त्यात घरच्यांच्या काळजीची भर पडते: वसतिगृह मिळाले तरच पुढे शिकायचे, नाहीतर गावाजवळच्या कॉलेजात जे मिळेल ते, असा निर्णय कित्येक घरांत होतो आणि तो कोणत्याही आकडेवारीत गळती म्हणून नोंदवला जात नाही.

शुल्काकडे लक्ष, निवासाकडे दुर्लक्ष

गेल्या काही वर्षांत राज्याने शुल्काच्या बाबतीत मोठी पावले उचलली. शुल्क प्रतिपूर्तीच्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कमाफी मिळाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु मध्यम शहरात बी.ए. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाचा मोठा भाग शुल्क नसतो. तो खोली आणि मेस यांवर होतो. शाहू महाराजांचे नाव आपण शुल्काच्या योजनेला दिले, आणि त्यांनी स्वतः ज्या गाठीवर बोट ठेवले होते ती निवासाची गाठ दुय्यम ठरवली, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

निवासासाठी योजना नाहीत असे नव्हे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात शहराच्या वर्गानुसार वार्षिक ६०,०००, ५१,००० किंवा ४३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद करण्यात आली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचे मूळ दर मोठ्या शहरांत महिना ३,००० आणि इतरत्र २,००० रुपये, वर्षाचे दहा महिने, असे होते.

रोख भत्ता आणि बोर्डिंग यांत मूलभूत फरक आहे. बोर्डिंगमध्ये मूल आले त्या दिवसापासून जेवत असे. भत्त्याची रक्कम प्रवेश, पडताळणी, हजेरी आणि निधी यांचे टप्पे ओलांडून येते, आणि तोवर डिपॉझिट व मेसचे पैसे उसने घेऊन भागवावे लागतात. ज्याला उसने देणारा कोणी आहे तो टिकतो. म्हणजे वार लावून जेवण्याच्या काळात जो फरक ओळखीच्या घरांनी पाडला होता, तोच आता उसनवारी देऊ शकणारे नातेवाईक पाडतात. शिवाय भत्ता खोली देतो, सहवास देत नाही. बोर्डिंगच्या मुलांना वरच्या वर्गातला मुलगा अर्ज भरायला शिकवी, जुनी पुस्तके देई, निराश झाल्यावर समजूत काढी. कॉट बेसिसवरच्या चार अनोळखी मुलांत हे जुळले तर जुळते.

या प्रकरणावरून विद्यापीठाला आणि शासनाला लगेच करता येण्यासारख्या काही गोष्टी दिसतात. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच मिळावा आणि पडताळणी नंतर व्हावी. 'कमवा आणि शिका'च्या जागा वाढवताना मुलींच्या जागा वेगळ्या ठरवून वाढवाव्यात. ज्या जुन्या बोर्डिंगांच्या इमारती आजही शहराच्या मध्यवर्ती भागात उभ्या आहेत त्यांच्या विश्वस्तांशी करार करून, सर्व समाजांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याच्या अटीवर, त्यांच्या दुरुस्तीला व विस्ताराला निधी द्यावा. आणि प्रवेश अर्जात आज जात, उत्पन्न, गुण यांचे रकाने आहेत, त्यांत 'शहरात राहण्याची सोय कोणती?' हा एक रकाना घालावा. पहिल्या सत्रानंतर जे विद्यार्थी येईनासे होतात त्यांची नावे या रकान्याशी ताडून पाहिली, तर किती मुले अभ्यास न झेपल्यामुळे गेली आणि किती खोलीअभावी गेली, हे कोणत्याही विभागप्रमुखाला एका दुपारी समजू शकेल.